फुकट बसलेल्या सात जणी

तरुणपणी मला एक खोड होती. कुणी काही विचारलं की माझं उत्तर तयार, प्रश्न कळलेला असो की नसो. सातवीपर्यंत शिकले होते. आमच्या गल्लीतल्या बायकांत तेवढी शिकलेली मीच. त्यामुळे तलाठी येवो की नर्स, बायका मला पुढे ढकलत आणि मीही पदर खोचून पुढे होई. ती बया आज भेटली तर तिच्या तोंडावर हात ठेवून म्हणेन, माय, आधी ऐक तरी.

कापसाला भाव नव्हता ती वर्षं. महागावकडच्या आमच्या गावात रीत अशी, की शेवटची वेचणी आटोपली की पऱ्हाटीवर जो किडका, पिवळा, अर्धवट उमललेला कवडी कापूस राहतो, तो वेचणाऱ्या बाईचा. तिने तो गाठोड्यात बांधायचा आणि बाजाराच्या दिवशी विकायचा. गावातल्या चाचांचा माल वाहायचा टेम्पो होता. चाचा गाठोड्याचं भाडं घेत, माणसाचं घेत नसत. "गठरी के पैसे दो बाई, तुम तो फुकट," असं म्हणून हसत.

त्या दिवशी आम्ही सात जणी आपापल्या गाठोड्यावर बसून बाजाराला निघालो. वळणावर समोरून ट्रक अंगावर आला, चाचांनी टेम्पो बाजूला घेतला आणि तो नाल्यात उलटला. ट्रक थांबला नाही. त्याचा नंबरही कुणी पाहिला नाही. कुणाचा हात मोडला, कुणाचं डोकं फुटलं. माझे पुढचे दोन दात गेले. सासूचं म्हणणं, आता तरी सून तोंड मिटून बसेल. पण माझ्या नणंदेचा पाय मांडीत मोडला. ती विधवा, माझ्याहून मोठी, आमच्याच घरी राहायची. कापूस वेचण्यात तिचा हात कुणी धरत नसे, आणि त्या हातावरच ती ताठ मानेने जगत होती.

दवाखान्यात पोलीस जमादार कागद घेऊन आला. बायकांनी सवयीने माझ्याकडे पाहिलं.

"टेम्पोत कशा काय बसल्या होत्या?"

"फुकट बसलो होतो साहेब."

"जवळ काही माल, सामान?"

"काहीच नाही."

असं म्हणायला दोन कारणं होती. एक, मालाच्या गाडीत भाड्याने माणसं बसवली म्हणून चाचांवर काही येऊ नये. हे कारण मी पुढे कित्येक दिवस सगळ्यांना सांगत होते, कारण ते ऐकायला बरं वाटे. दुसरं असं, की माझ्या गाठोड्यात वरून कवडी होती आणि मध्ये चांगला पांढरा कापूस. जिच्याकडे आम्ही वेचायला जायचो त्या शेतवालीचा. गाठोड्याचं नाव निघालं तर कुणीतरी ते सोडून पाहील, ही मला धास्ती. मी नाही म्हटल्यावर बाकीच्यांनीही आपापली गाठोडी गिळली. जमादाराने माझा जबाब लिहून घेतला आणि उरलेल्या सहा जणींपुढे 'वरीलप्रमाणे' असं लिहिलं. मी खाली सही केली, शेवटच्या अक्षराला शेपटी काढून. काय तो डौल होता माझा.

नणंदेचा पाय वाकडा जुळला. डॉक्टर म्हणाले, नागपूरला नेऊन पुन्हा मोडून सळी घालावी लागेल, नाहीतर ही बाई शेतात उभी राहायची नाही. तेवढा पैसा घरात नव्हता. म्हणून आम्ही सातही जणींनी मिळून पुसदच्या कोर्टात नुकसानभरपाईचा दावा लावला. ट्रक सापडलाच नव्हता, तेव्हा आमच्या हाताशी उरला होता तो फक्त चाचांच्या टेम्पोचा विमा.

विमा कंपनीचं उत्तर आलं तेव्हा वकिलांनी आम्हाला समोर बसवलं. "चाचांनी सगळ्यात स्वस्तातला विमा काढलाय. माल वाहणाऱ्या गाडीत फुकट बसलेल्या माणसाला त्यात काही नाही. मालासोबत मालाचा मालक बसला असेल, तर आहे. तुमच्या जबाबात तर फुकट लिहिलंय." मग चष्म्यावरून पाहत म्हणाले, "खरंच काही माल नव्हता?"

पाच जणी माझ्याकडे पाहू लागल्या. नणंदेने पाहिलं नाही. ती आपल्या पायाकडे पाहत होती.

घरी येताना एसटीत नणंद म्हणाली, "तब्येत बरी नाही काय वं तुयी? इतकं गप तुले कधी पाह्यलं नाही."

मी दुसऱ्या दिवशी सकाळीच शेतवालीकडे गेले. कवडी वेचणारीची असते, हे कोर्टात तिनेच येऊन सांगायला हवं होतं, आणि त्याआधी मला तिला बाकीचं सांगायला हवं होतं. ती अंगणात तूर पाखडत होती.

"काकी, माह्या गाठोड्यात तुमचा पांढरा कापूस होता."

"माहीत हाय."

"मंग बोलल्या काहून नाही?"

"सगळ्याइचं गाठोडं डोक्यावर, अन् मान फक्त तुयी अवघडे. कोनी पाह्यते का, म्हनून सारखी इकडंतिकडं पाहे. मी म्हटलं, किती वर्सं करते पाहू." सूप खाली ठेवून ती म्हणाली, "येतो मी साक्षीले. पन यंदापासून गाठोडं माह्या पुढं बांधाचं."

कोर्टात कंपनीच्या वकिलाने माझा जुना जबाब वाचून दाखवला. "बाई, तेव्हा खोटं बोललात की आता बोलताय?"

"तेव्हा अर्धं बोललो साहेब. मी फुकट होतो. गाठोडं फुकट नव्हतं."

"गाठोड्यात काय होतं?"

"कवडी. अन् मधात पांढरा. पांढरा माहा नव्हता." मागे कुणीतरी हसलं. माझे कान तापले, तरी बोलत राहिले. "पन या सहा जणीच्या गाठोड्यात कवडीच होती, अन् ती त्याइचीच होती. त्या माह्यामुळं चूप राह्यल्या. जे कापाचं ते माह्यं कापा."

काकींनी रीत सांगितली. चाचांनी भाडं घेतल्याचं सांगितलं, कुणाच्या गाठोड्याचं किती तेही तोंडपाठ. मग तारखा पडत गेल्या. शेवटी प्रकरण लोकअदालतीत आलं. कंपनीचा अधिकारी म्हणाला, सहा जणींचं थोडंथोडं देऊन मिटवून टाकू. पायाचं मात्र जमणार नाही, तो दवाखान्यात नीट बसवला नाही, त्यात आमचा काय दोष. सह्या करा, चेक आजच मिळेल.

चेकचं नाव निघाल्यावर मला वाटलं, कुणीतरी उठेल. कुणी उठलं असतं तरी मी काय तोंडाने अडवणार होते? पण हात मोडलेली आमची शेजारीण म्हणाली, "आमचं कमी करा, पायाचं पुरं करा. नाहीतर सही नाही."

"प्रत्येकीचं प्रकरण वेगळं असतं बाई."

"जबाब लिवताना वेगळं नव्हतं," ती म्हणाली आणि बाकावर मांडी घालून बसली. आम्हीही बसलो. डब्यातली भाकर काढून खाल्ली. अधिकारी फोन करायला तीनदा बाहेर गेला. कचेरीचा शिपाई झाडू घेऊन आला तेव्हा सातही जणींचा एकच कागद तयार झाला. पायाचं पुरं धरलं होतं. मी तो कागद दोनदा वाचला, मग मोठ्याने वाचून सगळ्यांना ऐकवला, आणि सही सगळ्यात शेवटी केली.

नागपूरला नणंदेच्या पायात सळी बसली. पाय बोटभर आखूड राहिला तो राहिलाच. पुढच्या हंगामात ती माझ्या शेजारच्या तासात, कापसाच्या ओळीत, उभी राहिली, वेचलेला कापूस टाकायची ओटी कमरेला बांधून.

"बाई, दमल्या असाल तर बसून घ्या," मी म्हटलं.

"तू बोलत राह्य," ती म्हणाली, "मी वेचतो."

आणि लंगडत लंगडत माझ्या पुढे निघून गेली.