कपाळ त्यांचे, टेबल सरकारचे

मेंगाणे भाऊसाहेबांची आणि माझी पहिली भेट माझ्या रुजू अहवालावरून झाली. उजनीच्या पाण्याकाठच्या गावातून दोन एस.टी. बदलून मी सोलापूरच्या दक्षिणेकडच्या एका तालुक्याच्या कचेरीत कनिष्ठ लिपिक म्हणून हजर झालो होतो. त्या कचेरीचे नाव मी इथे लिहीत नाही. ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे. अहवालात मी लिहिले होते, 'आपल्या कृपाछत्राखाली अत्यंत निष्ठेने व प्रामाणिकपणे सेवा करण्याची सुवर्णसंधी लाभली...' आणि असेच पुढे पानभर. अव्वल कारकुनाच्या टेबलामागे, कपाळावर भस्माचे तीन आडवे पट्टे ओढलेले एक गृहस्थ बसले होते. त्यांनी तो कागद शेवटपर्यंत वाचला, लाल पेन उचलले आणि 'मी आज सकाळी दहा वाजता हजर झालो' एवढेच ठेवून बाकीचे खोडून टाकले.

"माने, विशेषण आलं की समजायचं, हितं पुरावा न्हाय," ते म्हणाले. "तुमी आलाव, एवढं बास हाय की."

मसुदा लिहायला मी त्यांच्याकडून शिकलो. माझ्यासारख्या पोरसवदा कारकुनालाही ते अहो-जाहो करीत आणि कागद दहा वेळा परत करीत. ही विद्या मी पुढे कशासाठी वापरली, ते याच लेखात येणार आहे. भाऊसाहेबांच्या गौरव अंकासाठी हा लेख मागणाऱ्या समितीने मला 'जुने प्रसंग उकरू नयेत, भाऊसाहेबांच्या धर्मपरायणतेवर भर द्यावा' असे फोनवरून सुचवले आहे. त्यांच्या पहिल्या सूचनेचे मी पालन करू शकत नाही. दुसरीचे मात्र मनापासून करतो.

श्री. बसवणप्पा मेंगाणे हे मूळचे दुधनीचे. घरी कानडी, कचेरीत मराठी. त्यांच्याइतका नेमाचा माणूस मी पाहिलेला नाही. पहाटे आंघोळ, तळहातावर इष्टलिंग घेऊन पूजा, कपाळाला भस्म, मग भाकरी आणि मग कचेरी. गळ्यातल्या चांदीच्या डबीत ते इष्टलिंग दिवसभर असे. आणि तरीही, ते अव्वल कारकून असेपर्यंत कचेरीच्या भिंतीवर कुठल्याही देवाची तसबीर लागली नाही, सत्यनारायण झाला नाही, की कुणाच्या टेबलावर उदबत्ती लागली नाही. एकदा एका सहकाऱ्याने त्यांना सगळ्यांसमोर टोकले, "भाऊसाहेब, तुमच्या कपाळावरचं भस्म चालतं, आणि आमची तसबीर चालत नाही, हा कुठला न्याय?"

"कपाळ माझं हाय," भाऊसाहेब म्हणाले. "टेबल माझं न्हाय. तुमचंबी न्हाय."

हे ते दुसऱ्यांनाच सांगत असे मात्र नव्हते. एके दिवशी त्यांच्याच समाजाच्या मठाचे स्वामीजी जमिनीच्या उताऱ्यासाठी आले. बरोबर चाळीसेक भक्त. साहेब दौऱ्यावर होते. भक्तांचे म्हणणे, स्वामीजींना साहेबांच्या खुर्चीत बसवा आणि तिथेच पाद्यपूजा होऊ द्या. भाऊसाहेबांनी स्वामीजींना बाहेरच्या बाकावर बसवले, स्वतः पाण्याचा तांब्या आणून दिला आणि अर्ज रांगेत लावला. पुढे एक म्हातारी आणि एक पारधी समाजाचा माणूस होता. त्यांचे काम आधी झाले. रविवारी भाऊसाहेब मठात गेले आणि स्वामीजींच्या पायावर डोके ठेवून आले. स्वामीजींनी राग धरला नाही. भक्तांनी मात्र लक्षात ठेवले. भाऊसाहेबांच्या थोरल्या मुलीच्या लग्नात जेवणाच्या पंगती अर्ध्या रिकाम्या होत्या. वाढायला मी होतो, म्हणून सांगतो.

आता खंडेनवमीकडे येतो.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी शस्त्रपूजा करण्याची आपली रीत. कचेरीची शस्त्रे म्हणजे रजिस्टरे, टाचण्यांची डबी, टाइपरायटर आणि तालुक्याचा गोल शिक्का. त्या वर्षी भाऊसाहेब सणासाठी दुधनीला गेले होते. मांजर घरात नाही म्हटल्यावर जे होते तेच झाले. ताट सजले, गुरुजी आले, शिक्का मधोमध ठेवला गेला. कुणाला तरी भक्तीचे भरते आले आणि नुसते हळदकुंकू न लावता शिक्क्याला पंचामृताने स्नान घालण्यात आले. दूध, दही, तूप, मध, साखर. वरून कुंकू. मग दसऱ्याची सुट्टी. त्या सुट्टीत ते सगळे रबराच्या अक्षरांत बसून सुकले.

सुट्टीनंतर खिडकीवर मी होतो. भाऊसाहेब अजून यायचे होते. दाखले द्यायची गर्दी होती. पहिलाच शिक्का उमटला तेव्हा मी पाहिले की तालुक्याच्या नावाच्या जागी तांबूस डाग येतो आहे आणि अक्षरांचा पत्ता नाही. मी दोनदा फुंकर मारली, पॅडवर आणखी दाबला, आणि मनाशी म्हणालो, चालतंय की एवढं. दुपारपर्यंत मी शिक्के तसेच मारत राहिलो.

चार दिवसांनी, भाऊसाहेब दुधनीहून परतले त्याच दिवशी, गफूरभाई बांगडीवाले आले. आठवडी बाजारात कोपऱ्यावर त्यांचे बांगड्यांचे दुकान असे. त्यांच्या मुलीला सोलापुरात नर्सिंगला प्रवेश मिळत होता, त्यासाठी रहिवासी दाखला लागत होता. तो त्यांनी माझ्याच खिडकीवरून नेला होता. कागद त्यांनी दोन्ही हातांनी धरून टेबलावर ठेवला.

"साब, छाप पढने मेंच नै आता बोले. नकली है बोलके वापस करे."

भाऊसाहेबांनी शिक्का उलटा करून उजेडात धरला. टाचणीने अक्षराची एक खाच उकरली, तर पिवळट कडक खडा निघाला. पॅडला मुंग्या लागल्या होत्या. त्यांनी कुणाला काही विचारले नाही. शिक्का ब्रशने धुतला, नवा दाखला स्वतः लिहिला, अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि गफूरभाईंना घेऊन पुढची एस.टी. धरली. प्रवेशाची मुदत आदल्या दिवशी संपली होती. भाऊसाहेबांनी तिथल्या कारकुनापुढे हात जोडले, असे गफूरभाईंनीच नंतर मला सांगितले. त्या मुलीचे वर्ष गेले. पुढच्या वर्षापर्यंत घरच्यांनी तिचे लग्न लावून दिले आणि नर्सिंगचा विषय संपला.

"माने," भाऊसाहेब मला एकट्याला बोलावून म्हणाले, "त्या पोरीचं वरीस आपण पंचामृतात बुडवलं. खिडकीम्होरं हुबा ऱ्हायलेल्या माणसाला आपला देव कुठला, हे कळाय नको. कळलं की त्यो भितोय, न्हायतर वशिला लावतोय." ते 'आपण' म्हणाले. 'तुम्ही' म्हणाले नाहीत.

पुढच्या खंडेनवमीला त्यांनी शिक्का टेबलाच्या खणात ठेवून कुलूप लावले. सांगितले, पूजा घरी करा, सुट्टी पाहिजे तर अर्ज द्या, लगेच मंजूर करतो. शिक्का मिळणार नाही. झाले. कचेरी पेटली. एक जण म्हणाला, हे त्या बांगडीवाल्यासाठी चालले आहे. दुसरा म्हणाला, मेंगाण्यांना आपल्या देवांचे वावडे आहे. पहाटे उठून इष्टलिंगाची पूजा करणाऱ्या माणसाला धर्मबुडवा म्हणण्यात आले, आणि म्हणणाऱ्यांपैकी एकाच्याही घरी नेमाने दिवा लागत नव्हता. तक्रार करायचे ठरले. सह्या करायला सगळे तयार होते. लिहायला कुणाला येत नव्हते.

माझ्याकडे आले. म्हणाले, "माने, तो शिक्का तुझ्या हातचा आहे. भाऊसाहेबांनी उद्या वर कळवलं तर तू जाशील. आधी तेच गेलेले बरे." मी नोकरीत अजून कायम झालो नव्हतो. गावाकडे आईवडील माझ्या पगारावर होते, असे कारण मी पुढे कितीतरी वर्षे स्वतःला देत आलो. खरे कारण एवढेच की मी घाबरलो. अर्ज मी लिहिला. 'अव्वल कारकून श्री. मेंगाणे यांनी दिनांक अमुक रोजी शासकीय शिक्का कुलुपात ठेवून कर्मचाऱ्यांच्या धार्मिक भावना दुखावल्या.' नेमका, छोटा, मुद्द्याचा. खाली सगळ्यांच्या सह्या, त्यात माझी.

चौकशीला वरून एक अधिकारी आले. सह्या करणाऱ्यांना भिंतीशी उभे केले होते. अधिकाऱ्यांनी भाऊसाहेबांना विचारले, शिक्का का अडवला?

"गेल्या साली कार्यालयाकडनं एक चूक झाली, सायब. ती परत होऊ नये."

"चूक कोणाची?"

"कार्यालयाची."

"नाव सांगा."

भाऊसाहेबांनी भिंतीकडे पाहिलेसुद्धा नाही. "अव्वल कारकून मी हाय," ते म्हणाले. "माझंच लिवा."

मग साहेबांनी त्यांच्यापुढे तक्रार सरकवली. त्यांनी ती सावकाश वाचली, घडी घातली आणि परत दिली. "मसुदा चांगला हाय," ते म्हणाले. "एकबी विशेषण न्हाय."

माझे नाव त्यांनी घेतले असते तर ते त्याच दिवशी सुटले असते. त्यांची बदली जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला झाली, सेवापुस्तकात शेरा बसला आणि नायब तहसीलदारपदाची बढती जी अडली ती अडलीच. अव्वल कारकून म्हणूनच ते निवृत्त झाले. पुढच्या खंडेनवमीला कचेरीत दुप्पट मोठी पूजा झाली. प्रसादाचा शिरा मीही खाल्ला.

त्यांच्या वैयक्तिक औदार्याबद्दल लिहावे, असेही समितीने कळवले आहे. लिहितो. बदलीनंतर वर्षभरात त्यांच्याकडून मला एक टपाल आले. आत विभागीय परीक्षेची त्यांच्या हातची टिपणे होती, कलमवार, समासात खुणा केलेली. सोबत चिठ्ठी: 'परीक्षा द्या. उत्तर थोडक्यात लिहा.' बाकी एक शब्द नाही. त्या टिपणांवर मी पास झालो आणि काही वर्षांनी नायब तहसीलदार झालो. जी खुर्ची त्यांना मिळाली नाही, तीत मी निवृत्त होईपर्यंत बसलो. आणि दर खंडेनवमीला माझ्या सहीने शिक्का पूजेला जात राहिला. पंचामृत नको, नुसते कुंकू लावा, एवढी एकच सुधारणा मी केली.

आज त्या कचेरीत गेलात तर जिन्याच्या प्रत्येक वळणावर देवांच्या फरशा दिसतील. त्या भक्तीने नव्हे, लोकांनी थुंकू नये म्हणून बसवल्या आहेत. साहेबांच्या मागे भिंतभर तसबिरी आहेत. नवा संगणक आला की नारळ फुटतो, आणि लोक खिडकीपुढे सर्व्हर चालू होण्याची वाट पाहत उभे असतात. गफूरभाईंच्या नात्यातले कुणी त्या रांगेत असेल तर ते मान खाली घालून उभे असते. देव सरकारी नोकरीत घेतले, त्यात देवांचा मान वाढला नाही आणि सरकारचा तर नाहीच. हे मी आज लिहितो आहे, निवृत्तिवेतन सुरू झाल्यावर. माझ्या धाडसाची किंमत वाचकांनी त्यावरूनच करावी.

अशा या कचेरीने आता भाऊसाहेबांचा अमृतमहोत्सव करायचे ठरवले आहे. समितीतल्या बहुतेकांच्या सह्या त्या तक्रारीवर आहेत. मुहूर्त खंडेनवमीचा, जागा कचेरीचेच सभागृह. दहा वाजता शस्त्रपूजन, अकरा वाजता सत्कार. पत्रिका घेऊन मी त्यांच्या जुळे सोलापूर या उपनगरातल्या फ्लॅटवर गेलो. त्यांनी चष्मा लावून ती वाचली, लाल पेन मागवले आणि 'थोर, निःस्पृह, धर्मपरायण' हे तिन्ही शब्द खोडले.

"पूजा दहाला हाय व्हय? मग मी अकराला येतो," ते म्हणाले. "लवकर आलो तर भायेर बाकावर बसतो."

तेव्हा, इतक्या वर्षांनी, मी बोललो. "भाऊसाहेब, तो मसुदा माझा होता."

"ते मला तवाच कळलं की. तुमाला शिकवलंय कोन?" ते हसले. मग पेनाचे टोपण लावता लावता त्यांनी विचारले, "त्या पोरीला सांगितलाव का?"

इतकी वर्षे मी भाऊसाहेबांची क्षमा मागण्याचे मनात घोळवत होतो, आणि ज्यांचे वर्ष मी बुडवले त्यांची आठवण मला एकदाही झाली नव्हती. भाऊसाहेबांना ती रोज असावी, असे त्यांच्या विचारण्यावरून वाटले.

संपादकांना विनंती, की या लेखातले काही गाळू नये. गाळायचेच असेल तर लेखच गाळावा. खंडेनवमीला दहा वाजता मी सभागृहात नसेन. बाहेरच्या त्या बाकावर भाऊसाहेबांची वाट पाहत असेन. श्री. बसवणप्पा मेंगाणे यांना शंभर वर्षे निरोगी आयुष्य लाभावे, त्यांची नजर आणि लाल पेन शाबूत राहावे, ही माझी प्रार्थना आहे, आणि तीत माझा स्वार्थही आहे. गफूरभाई आता नाहीत, पण त्यांच्या मुलीचे सासर मला शोधून काढायचे आहे. त्या बाई दारात आल्या की 'तुमच्या दाखल्यावरचा तो शिक्का मी मारला होता' हे एक वाक्य, एकही विशेषण न लावता, मला बोलायचे आहे. मग त्या जे काही म्हणतील ते जुळे सोलापुरात येऊन भाऊसाहेबांना सांगायचे आहे. तोवर त्यांनी असायला हवे.