टीव्हीवरच्या दादांचं गाऱ्हाणं

आमच्या मजल्यावर जयवंत गावडे राहतात, म्हणून आम्हाला घड्याळ लागत नाही. सकाळी त्यांच्या घरातून एक यंत्रातली बाई हवामान सांगते, मग वॉशिंग मशीन गाणं वाजवून धुणं झाल्याचं कळवतं. पवईच्या एका ऑफिसात जन्मभर स्टोअर सांभाळून निवृत्त झालेला हा माणूस पंखा लावायलाही उठत नाही, फोनवरून लावतो. फोन सापडत नसेल, तर बायकोच्या, सुगंधाकाकूंच्या फोनवरून आधी आपला फोन वाजवतो आणि तोवर घामाघूम होतो. काकू म्हणतात, "घास गिळायचं मशीन निघालं, की पहिलं आमच्याकडे येणार." मी हसते खरी, पण माझा मिक्सर अडला की मीही त्यांच्याच दारात उभी असते.

गावड्यांकडे गणपती असतो. आरती झाली की कोकणातल्या रिवाजाप्रमाणे घरातला थोरला देवापुढे उभा राहून मालवणीत गाऱ्हाणं घालतो, म्हणजे घरादारासाठी मागणं मागतो, आणि प्रत्येक मागण्याला बाकीचे एका सुरात 'व्हय म्हाराजा' म्हणतात. हे काम काकांच्या मोठ्या भावाचं, भिवादादांचं. गुडघ्यांमुळे दादांना गावाहून घाटकोपरला येणं जमेना, तेव्हा काकांनी व्हिडिओ कॉल लावून त्यांना टीव्हीवर आणलं. देव इकडे, दादा तिकडे आणि मधे काका वायरी सांभाळत. झकास चाललं होतं.

यंदा शिमग्याला दादा गेले. आता घरात थोरले जयवंतकाकाच.

गणपती जवळ आले तसे काका गप्प गप्प राहायला लागले. एरवी माणूस बोलका, पण चारचौघांत उभं राहून बोलायचं म्हटलं की घशाला कोरड पडते.

"तुमीच घाला गाराणा," काकू म्हणाल्या. "देव काय तुमची परीक्षा घेवचो नाय."

"गरज नाय," काका म्हणाले. "गेल्या वर्षीचो कॉल सुयोगान रेकॉर्ड केल्लो हा. दादाच गाराणा घालतलो."

सुयोग म्हणजे त्यांचा मुलगा. मला हे मुळीच आवडलं नाही. गेलेल्या माणसालाही कामाला लावायचं म्हणजे हद्द झाली. पण दुसऱ्याच्या देवात आपण कशाला बोला, म्हणून मी तोंड मिटून घेतलं.

गणपतीच्या दिवशी मजला लोटला. मे महिन्यात लग्न झालेली त्यांची लेक श्रुतिका नवऱ्याला घेऊन आली होती. नवरा धवल, घाटकोपरचाच गुजराती. आरती झाली, काकांनी रिमोट दाबला आणि खांद्यावर पंचा टाकलेले दादा टीव्हीवर आले.

"बा देवा म्हाराजा, लेकरांनी जी काय सेवा केलेली आसा, ती गोड मानून घे."

"व्हय म्हाराजा!" खोली दणाणली. माझ्या अंगावर काटा आला. राग कुठल्या कुठे गेला.

"आमच्या श्रुतिकाचा लगीन यंदा जुळान येवंदे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!" धवलच सगळ्यांत मोठ्याने ओरडला. एकच हशा पिकला. श्रुतिकाने त्याला कोपर मारलं.

दादा मात्र पुढे बोलत होते. "आता माज्याच्यान होणा नाय. फुडल्या वर्सापासून माजो जयवंत गाराणा घालतलो. तेच्या तोंडात शब्द दी रे म्हाराजा."

या मागण्याला उत्तर आलं ते टीव्हीतून, गेल्या वर्षीच्या आमच्याच आवाजात, आणि त्यातही काकांचा आवाज सगळ्यांच्या वर. तेव्हा स्पीकर शिट्टी मारत होता, आम्हा कुणालाच धड ऐकू येत नव्हतं आणि काका टीव्हीच्या मागे वाकून वायर हलवत होते. सगळे म्हणतात म्हणून त्यांनीही 'व्हय' म्हटलं होतं. दादांनी काय मागितलं, ते त्यांनी आज ऐकलं.

काकांनी टीव्ही बंद केला. डोळे भरले होते. ते गणपतीपुढे जाऊन हात जोडून उभे राहिले.

"बा देवा म्हाराजा..."

पुढे काही येईना. नुसते ओठ हलत होते. मला तिथे उभं राहवेना.

"बाबा, मी सांगू का पुढचं?" सुयोगने हळूच विचारलं. त्यांनी मानेनेच नको म्हटलं.

शेवटी म्हणाले, "माका ह्यातला काय येणा नाय रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!" सुगंधाकाकू मागून खणखणीत आवाजात म्हणाल्या.

सगळे हसले. काकाही रडता रडता हसले, आणि त्यांचा घसा मोकळा झाला.

"सगळा दादाकच म्हायती होता."

"व्हय म्हाराजा!"

"आता दादा नाय, म्हाराजा."

या वेळी आमचा 'व्हय' जरा उशिरा आला. पण सगळ्यांचा आला.