सतरापैकी सतरा

अपराजित माणूस प्रत्यक्ष पाहण्याचं भाग्य फार थोड्यांना लाभतं. मला ते चारकोपला, आमच्या सेक्टरच्या व्यायामशाळेत, एका मंगळवारी सकाळी लाभलं. तो आत आला तेव्हा त्याच्यासाठी खुर्ची पुसायला दोघं उठले. धड खुर्ची एकच होती आणि तिच्यावर मी बसले होते.

व्यायामशाळेत मुलींसाठी सकाळचा बॉक्सिंगचा वर्ग सुरू व्हायचा होता. प्रशिक्षक निवडायला आम्ही तिघं होतो: अध्यक्ष, चिटणीस आणि मी. अध्यक्ष सलग सहाव्यांदा बिनविरोध निवडून आलेले आहेत. हे सांगताना त्यांचा आवाज असा लागतो की विरोधकांना त्यांनी एकट्यानं लोळवलं असावं. चिटणीस हे त्यांचे मेहुणे. मी निवृत्त ग्रंथपाल. समितीत एक बाई हवी होती आणि दुसरी कुणी तयार झाली नाही, म्हणजे मीही बिनविरोधच.

अर्ज दोन आले होते. पहिला अपराजिताचा. स्पायरल बाइंडिंग, गुळगुळीत रंगीत पानं, मुखपृष्ठावर त्याचे उघडे दंड आणि खाली सोनेरी अक्षरांत ‘सतरापैकी सतरा’. अंधेरीत त्याचा स्वतःचा क्लास होता. आमची व्यायामशाळा त्याला ‘ब्रँच’ म्हणून हवी होती.

दुसरा अर्ज फुलस्केपचा एक कागद, निळ्या बॉलपेननं लिहिलेला. गोराईच्या कोळ्यांतली सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची मुलगी. नऊ विजय, चौदा पराभव. गावातल्या अकरा मुलींना ती मासळी सुकवायच्या सिमेंटच्या ओट्यावर शिकवत होती. पावसाळ्यात ओट्यावर छप्पर नाही, आणि पावसाळा संपला की ओट्यावर जवळा.

“मला फक्त जागा पाहिजे,” ती म्हणाली. “वर पत्रा असला तरी बास. ह्या वर्षी नाही मिळाली तर वर्ग बंद. दोघी सोडून गेल्यात ऑलरेडी. एक तर माझ्यापेक्षा चांगली होती.”

“पण तुम्ही चौदा वेळा हरलात,” अध्यक्ष म्हणाले.

“हो.”

“हे सतरा वेळा जिंकलेत.”

“हो. वाचलं मी बाहेर. फ्लेक्स लागलाय.”

लागला होता खरा. मुलाखत सकाळी दहाची आणि फ्लेक्स आदल्या संध्याकाळचा. ‘अपराजित प्रशिक्षकाचे हार्दिक स्वागत’, मधोमध त्याचा फोटो, खाली ‘सतरापैकी सतरा’, आणि कोपऱ्यात अध्यक्षांचा हात जोडलेला फोटो. निवड समितीला निवडीची बातमी अशी गेटवरच मिळाली.

मी अपराजिताला एकच प्रश्न विचारला. “समोर कोण कोण होतं?”

“म्हणजे?”

“ज्यांना हरवलंत, त्यांची नावं.”

तो अध्यक्षांकडे पाहून हसला. “मॅडम, ते हरले. हरलेल्यांची नावं कोण ठेवतं?”

अध्यक्षही हसले. मेहुण्यांनी थोडं थांबून, त्यांचं संपल्यावर, हसून घेतलं.

दुसऱ्या अर्जात ती नावं होती. कागदाच्या मागच्या बाजूला तिनं चौदा पराभव ओळीनं लिहिले होते, कुणाकडून, कुठे आणि कसे. तीन एकाच मुलीकडून, जी पुढे देशाच्या संघात गेली. दोघी पुढे राज्याच्या विजेत्या. एका ओळीत लिहिलं होतं, ‘हिने दुसऱ्या फेरीत बरगडीत मारले. बरोबर मारले.’ मी आयुष्यभर पुस्तकांची परीक्षणं वाचली. इतकं प्रामाणिक वाक्य त्यांत क्वचितच भेटलं.

“साधं गणित आहे मॅडम,” अध्यक्ष म्हणाले. “सतरा आणि नऊ.”

आकड्यांशी माझंही जुनं नातं आहे. आमच्या ग्रंथालयातून सर्वांत जास्त वेळा घरी गेलेलं पुस्तक म्हणजे दहावीचा अपेक्षित प्रश्नसंच. त्याचा पुतळा उभारावा असं मात्र कुणी सुचवलं नव्हतं. मी फाइल घरी नेण्याची परवानगी मागितली. अध्यक्षांना ती भक्ती वाटली असावी. त्यांनी लगेच दिली.

फाइल जाड दिसावी म्हणून त्यानं प्रत्येक स्पर्धेचा लढतींचा तक्ताही मागे जोडला होता. जाडीच्या हौसेनं पुष्कळ लेखकांचा घात झालेला मी पाहिला आहे, बॉक्सरचा पहिल्यांदाच पाहिला. सतरापैकी सात लढतींत समोर कुणी आलंच नव्हतं. समोरचा आला नाही की आलेल्याला विजयी ठरवतात, त्याला आपल्याकडे ‘पुढे चाल’ म्हणतात. त्याच्या वजनी गटात नावं कमी आणि नाव देऊन न येणारे जास्त, त्यामुळे तो सात वेळा हातमोज्यांसकट चालत पुढे गेला होता. पुढच्या पाच लढतींत समोरच्या खेळाडूच्या क्लबचं नाव होतं त्याच्याच क्लासचं. विद्यार्थ्यानं फी भरायची, शिवाय हरायचंही.

राहिल्या पाच. त्यांतल्या चार लढतींचे फोटो एकसारखे होते, अंधेरी, बोरिवली, मुलुंड आणि घाटकोपर. चारही ठिकाणी अपराजित हात वर करून उभा आणि खाली एक माणूस बसलेला. बनियनचा रंग दर वेळी वेगळा, नाव दर वेळी वेगळं, पण डाव्या भुवईवरचा तुटका व्रण तोच. मुलुंडच्या बनियनवर साकीनाक्याच्या एका बफिंग वर्कशॉपचं नाव छापलं होतं. गुरुवारी मी तिथे गेले.

तो मशीनवर स्टीलच्या कड्या चमकवत होता. चाळिशीचा, तोंडाला फडकं. मी फोटो पुढे केले.

“हां, मीच,” तो म्हणाला. “चारी मीच. झकास आलेत ना?”

“इतका जोरात मारतो तो?”

“कोण, ते? नाही ओ ताई. मी बसतो. सेकंड राऊंडला. फर्स्टला बसलो तर पब्लिकला डाऊट येतो, आणि थर्डपर्यंत ते दमतात.”

“आणि नावं वेगवेगळी का?”

“ते त्यांचं डोकं. मला ट्रॅकसूट देतात. चार झाले, घरात सगळे तेच घालून फिरतात.” त्यानं फडकं खाली केलं. “पण पडणं सोपं नसतं हां. डोकं वाचवायला लागतं. आपण एकदम परफेक्ट पडतो.”

त्या संपूर्ण फाइलमध्ये कौशल्याचा हा पहिला पुरावा होता. निघताना त्यानं हाक मारली.

“ताई, त्यांनी बुक काढलंय ना? मला पण एक कॉपी द्यायला सांगा. चार पानांवर आहे मी.”

सतरावी लढत खरी होती. तिच्या फोटोत अपराजिताचा ओठ फुटला होता आणि डोळ्यांत भीती होती. सबंध फाइलमध्ये तेवढ्या एका पानावर तो मला बॉक्सर वाटला. ते पान त्यानं सर्वांत मागे लावलं होतं.

शनिवारी बैठकीत मी हे सगळं मांडलं. अध्यक्षांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “म्हणजे तुमचं म्हणणं काय, हरण्याला मार्क द्यायचे?”

“कुणाकडून हरली, त्याला.”

“आणि जे आलेच नाहीत, त्यांचा दोष ह्यांच्यावर? उद्या माझ्याविरुद्ध कुणी उभं राहत नाही, तोही माझाच दोष म्हणाल!”

मी तसं म्हणणारच होते, पण मेहुण्यांनी चहा मागवला.

शेवटी मी सुचवलं, दोघांनाही पुढच्या रविवारी बोलवू. गोराईच्या मुली येतील. दोघांनी एकेक तास शिकवायचं, हातात पॅड धरून त्यांचे ठोसे झेलायचे, मग ठरवू. अध्यक्षांना निवडीत रस नव्हता, पण रविवार म्हणजे कार्यक्रम, आणि कार्यक्रम म्हणजे नारळ. ते तयार झाले. अपराजितानंही फोनवर होकार दिला. “पोरींना जरा हळू मारायला सांगा, माझ्या हाताला लागू नये,” असं म्हणून तो हसला, आणि मग मुलींच्या वयाची आणि वजनाची बारीक चौकशी केली.

रविवारी साडेसहाला गोराईहून पहिल्या बोटीनं नऊ मुली आल्या. सोडून गेलेल्या दोघींपैकी एक परत आली, म्हणजे दहा. त्यांना शिकवणारी त्यांच्यामागून पॅडची पिशवी खांद्यावर घेऊन आली. तिनं हॉलचा पत्रा वर मान करून नीट पाहिला, जणू गळतोय का ते तपासत होती. गळत होता. तिनं पिशवी कोरड्या कोपऱ्यात ठेवली. सात वाजले, साडेसात वाजले. पावणेआठला अध्यक्षांच्या फोनवर संदेश आला. ‘व्हायरल ताप. पुढच्या महिन्यात बघू.’ खाली दंड फुगवलेलं चित्र.

“सर, आम्ही चालू करू का?” तिनं विचारलं. “सव्वानऊला पोरींना परतीची बोट धरायचीय.”

तिनं पॅड चढवले. सोडून गेलेल्या मुलीनं पहिला ठोसा मारला तेव्हा दरवाजाजवळचा नारळ गडगडत गेला आणि मेहुणे दोन पावलं मागे सरकले. अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं, घसा साफ केला आणि गंभीरपणे जाहीर केलं की समोरचा उमेदवार वेळेत हजर न झाल्यामुळे नियमानुसार पुढे चाल देण्यात येत आहे.

तिनं मान डोलावली. “ही मी लिहिणार नाही हां कागदावर,” एवढंच म्हणाली, आणि दुसऱ्या मुलीला पुढे बोलावलं.

वर्ग सुरू आहे. मुली आता चौदा आहेत. नवा फ्लेक्स करायला अध्यक्ष तयार झाले नाहीत, म्हणून जुन्यावरच्या अपराजिताच्या फोटोच्या जागी तिचा फोटो चिकटवला आहे. खाली ‘सतरापैकी सतरा’ तसंच आहे.