दुखवट्यातली चटणी

अर्जुना गेला तेव्हा मिरची झाडावर हिरवी होती. रंगुबाईचा राग खरं तर तिथूनच सुरू झाला. उभ्या जन्मात ज्या माणसानं कधी कशाची घाई केली नाही, त्याला मिरची लाल व्हायच्या तोंडावर जायची घाई झाली. मिरजेच्या दवाखान्यात, लेक अपेक्षा तिथंच नर्स असताना, तिच्याशी बोलता बोलता गेला. दिवस झाले, पाहुणे पांगले, आणि रंगुबाई एकटी रानात जाऊन मिरचीच्या सरीत बसली. तिथं तिनं नवऱ्याला मनसोक्त शिव्या घातल्या, मग पदरानं तोंड पुसून खुरपं हातात घेतलं.

लोकांना ही मिरची म्हणजे पाच गुंठ्यांतल्या पाच-पन्नास सऱ्या वाटायच्या. कालव्याचं पाणी आलं तसं जत तालुक्यातल्या या गावाला उसाचं वेड लागलं होतं. ज्यांच्या आज्यानं पाटाचं पाणी डोळ्यांनी पाहिलं नव्हतं, ते पारावर बसून टनाच्या गोष्टी करत होते. अर्जुनानं मेंढरं विकून रान दुरुस्त केलं आणि पहिल्या झटक्याला लावली काय, तर मिरची. लोक हसले. त्यानं हसू दिलं.

त्यामागचं दुखणं फक्त रंगुबाईला ठाऊक होतं. दिवाळी झाली की दोघं मेंढरं घेऊन कृष्णाकाठाला उतरायची. बागायतदाराच्या रानात कळप बसवायचा, रानाला खत द्यायचं आणि बदल्यात ज्वारी, गूळ, मिरची पदरात घ्यायची. मिरची नेहमी पोत्याच्या बुडातली. पांढरी पडलेली, फुटकी, निम्मं बी सांडलेलं. चांगली मिरची मेंढक्याला कोण देतंय? त्याच मिरचीची चटणी रंगुबाईनं जन्मभर कुटली, आणि त्याच चटणीवर अर्जुनानं भाकरी खाल्ली. एकदाच म्हणाला होता, "रंगे, आपल्या रानातली मिरची कशी लागत आसंल गं?" आता ती मिरची झाडाला लागली होती, आणि विचारणारा नव्हता.

फाल्गुनात झाडं लाल झाली. रंगुबाईनं पहिली तोड केली, रंग एकसारखा यावा म्हणून दोन दिवस पोत्याखाली ढीग घालून ठेवली, आणि सारवलेल्या अंगणात पसरली. अंगण लाल झालं तसा तात्याबा दारात येऊन उभा राहिला.

तात्याबा म्हणजे अर्जुनाचा थोरला चुलतभाऊ, भावकीतला वडील माणूस. मेंढरामागं कधी गेला नाही, पण उंटावरून शेळ्या हाकण्यात त्याचा हात धरणारा गावात नव्हता. त्यानं अंगणात पाय टाकला नाही. उंबऱ्याबाहेरूनच म्हणाला, "रंगुबाई, दुखवटा हाय न्हवं? वर्ष व्हायचं हाय अजून."

त्यांच्या भावकीत रीत अशी की घरातलं माणूस गेलं की वर्ष होईस्तोवर त्या घरानं वाळवण घालायचं नाही, चटणी कुटायची नाही. भावकीनं आपापल्या घरातली थोडीथोडी आणून द्यायची. रीत वाईट नव्हती. रडणाऱ्या घराला कामाचा भार नको, म्हणून कुणा शहाण्यानं कधीतरी घातली असणार. पण शहाणा मरतो आणि रीत मागं उरते, मग ती तात्याबासारख्यांच्या हाती लागते.

"मग ह्या मिरचीचं काय करू, भावजी?"

"सांगलीच्या बाजारात धाड. हिरवी हाय ती हिरवी, वली हाय ती वली. चटणी आमी देतो की तुला. चार घरची चार शेर आली तरी तुला एकलीला लय झाली."

ते 'एकलीला' रंगुबाईला लागलं. पण त्याहून लागलं ते 'आमी देतो'. चार घरच्या चटण्या तिला चांगल्या ठाऊक होत्या. एका घरात मिरचीपेक्षा मीठ जास्त, दुसऱ्या घरात खोबरं नुसतं नावाला, आणि तात्याबाच्या घरची तर डोळे मिटून खाल्ली तर भुसा म्हणून खपली असती. तरी चवीचा प्रश्नच नव्हता. जन्मभर दुसऱ्याच्या मिरचीवर काढला, आणि स्वतःची दारात आली तर तिनं पुन्हा पदर पसरायचा?

"भावजी," ती म्हणाली, "आमी दोघांनी लोकांची लय खाल्ली. ह्या वर्षी आमची खाणार हाय."

"आगं, पोरगी लग्नाची हाय. दुखवटा न पाळणाऱ्या घरातली पोरगी कोण करंल?"

"जे करणार न्हाईत, त्यांच्या घरी ती जाणार बी न्हाई."

तात्याबाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या त्या अंगणातल्या नव्हेत. जाताना तो सांगून गेला, की या घरातलं तिखट भावकीतलं कुणी तोंडात घालणार नाही. रंगुबाईनं वाकून मिरची उलथायला घेतली.

मग चुगल्या मिरजेपर्यंत पोचल्या. अपेक्षाचा फोन आला. "आई, कशाला वाकडेपणा घ्यायचा? एका वर्षाचा तर प्रश्न हाय. मी इथनं इकत आणती."

"तू इकत आणू नगंस. रजा काढ आणि देठं मोडाय ये."

अपेक्षा आली ती चिडूनच आली. पहिला दिवस बोलली नाही. दुसऱ्या दिवशी आईशेजारी बसून देठं मोडू लागली. बोटांची आग झाली तशी मायलेकींनी एकाच वाटीतलं ताक हाताला चोळलं, आणि मग अपेक्षा हुंदके देऊन रडली. बाप गेल्यापासून ती कामावर होती, नाहीतर पाहुण्यांत होती. रडायला तिला जागाच मिळाली नव्हती. रंगुबाईनं तिला गप्प केलं नाही. रोज दंव पडायच्या आत मिरची गोळा करायची, ऊन तापलं की पुन्हा पसरायची, पांढरी पडलेली वेचून टाकायची. शेवटी मूठभर घेऊन कानाशी हलवली की आतलं बी खुळखुळायला लागलं. वाळली.

चैत्रात धनाजीच्या चटणी कुटायच्या डंकावर बायकांची रांग लागते. लोखंडी मुसळं दिवसभर धडधडतात आणि अख्खी गल्ली शिंकते. धने, तीळ, खोबरं, तळलेला कांदा-लसूण घेऊन रंगुबाई भल्या सकाळी गेली, तर तिच्यापुढं दोघीच. ती आली तशा बायका जराशा सरकल्या. धनाजी बिचारा भला माणूस, त्यानं हळूच सांगितलं, "मावशी, तुमचं शेवटाला लावू का? म्हंजी कुणाचं बोलणं नगं."

"माझा नंबर तिसरा हाय. तिसराच लाव."

मागून कुणीतरी म्हणालं, "मग त्यांच्यामागं डंक धुऊन घे बाबा."

रंगुबाई वळली. "धू की. पर काल कुणाकुणाचं कुटलं ह्यात? त्यातल्या कुणाच्या घरात कवा मेलंच न्हाई व्हय कोण?" मागच्या बायकांनी आपापल्या पाट्या जवळ ओढल्या. रांग सोडून जावं, तर दुपारपर्यंत नंबर लागला नसता. धनाजीनं तिसरीच लावली.

चटणी झाली. रंगुबाईनं दोन बरण्या दाबून भरल्या, वर हिंगाचे खडे ठेवले, तोंडाला फडकं बांधलं. पहिली चिमूट भाकरीवर घेऊन तिनं खाल्ली तेव्हा डोळ्यांतून धारा लागल्या, आणि त्या सगळ्या काही तिखटाच्या नव्हत्या. अर्जुनाच्या प्रश्नाचं उत्तर तिच्या जिभेवर होतं आणि सांगायचं कुणाला ते कळत नव्हतं. अपेक्षा एक डबा घेऊन मिरजेला गेली. उरलेली चटणी घरात राहिली. तात्याबाचा शब्द भावकीनं पाळला. बायका पाण्याला जाता-येता बोलायच्या, पण तिच्या घरी भाकरी मोडायला कुणी बसलं नाही. हे तिला जड गेलं. एकटं जेवणाऱ्याला चटणी लागते तरी किती?

त्या साली वळवाचा पाऊस अवेळी आला. तात्याबाच्या घरचे लोणंदला लग्नाला गेलेले, आणि मिरची स्लॅबवर उघडी. भिजली. पुन्हा वाळवण्याइतका दम कुणाला नव्हता, ओलसर होती तशीच कुटून आणली. श्रावणात बरणीचं तोंड सोडलं तर आत बोटभर बुरशी.

दिवेलागणीला तात्याबाची सून मागच्या दारानं आली. पदराखाली रिकामा डबा होता. "आत्ती, मामंजींना ठावं न्हाई. थोडी घाला. पोरं कोरडी भाकरी खात्यात."

पोरांचं ऐकून रंगुबाईचा हात बरणीकडं गेला होता. मग तो थांबला. चोरून दिलेली चटणी म्हणजे पोत्याच्या बुडातली मिरचीच की. तिनं सुनेच्या पोरांसाठी वाटीभर दिली आणि डबा तसाच परत केला.

"बाकीची उद्या ने. सकाळी, पारावर माणसं बसल्यावर. म्होरल्या दारानं."

सून जे काही घरी बोलली असेल ते असो, सकाळी डबा घेऊन तात्याबा स्वतः आला. या खेपेला तो उंबऱ्याबाहेर थांबला नाही. अंगणात आला, जोत्यावर टेकला. चपलेवरची माती झटकत म्हणाला, "वर्ष व्हायचं हाय अजून."

"व्हय. व्हायचं हाय," रंगुबाई म्हणाली, आणि तिनं डबा दाबून, वर शीग लावून भरला.

डबा काखेत धरून तात्याबा निघाला. पारापाशी कुणीतरी हटकलंच, "काय आणलं, तात्या?" तो काहीतरी पुटपुटला.

रंगुबाई दारात उभी होती. डोईवरचा पदर नीट करून ती तिथूनच म्हणाली, "मोठ्यानं सांगा, भावजी. त्यांना आयकाय आलं न्हाई."

तात्याबा वळला. तिच्याकडं पाहिलं, पारावरच्या माणसांकडं पाहिलं. मग घसा खाकरून, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाला, "चटणी हाय. आमच्या अर्जुनाच्या रानातली."