दाजींच्या नावावरचं प्रमाणपत्र

ती घटना आठवली की मला आधी वाईट वाटत नाही, चीड येते. निवृत्त होऊनही ती कमी झालेली नाही.

इंदापूर तालुक्यातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. सकाळची हजेरी चालू असताना फोन आला, एका रिसॉर्टच्या पोहण्याच्या तलावात साफसफाईचा कामगार मेला. बावड्याकडचा, पंचेचाळिशीचा माणूस. पाला काढायला पाण्यात उतरला, तो वर आलाच नाही. मालकापासून माळ्यापर्यंत सगळ्यांचं एकच पालुपद : हार्ट अटॅक. पंचनामा करून आम्ही अकस्मात मृत्यूची नोंद घेतली. त्याची बायको मात्र ठाण्यातून हलेना. धडधाकट माणूस असा कसा जाईल, एवढंच ती विचारत राहिली.

तिसऱ्या दिवशी बारामतीतले एक वयस्कर चाचा स्वतःहून आले. त्यांचं विजेच्या सामानाचं दुकान होतं. म्हणाले, “साहेब, त्या तलावाला ईएलसीबी मीच दिली होती. पाण्यात करंट उतरला की ती लाइट तोडती. तिथला ठेकेदार आठवड्यात परत घिऊन आला. म्हणला, सारखी पडतीय. आवो, पडतीय म्हंजे तिचं काम करतीय न्हवं?”

विद्युत निरीक्षकांना बोलावलं. पाण्याखालच्या दिव्याची वायर सोललेली निघाली आणि ईएलसीबीच्या जागी तारा सरळ जोडलेल्या. शवविच्छेदनाचा अहवालही विजेच्या धक्क्याकडेच बोट दाखवत होता. निष्काळजीपणाचा गुन्हा नोंदवून ठेकेदाराला चौकशीला बोलावलं.

त्यानं आल्याआल्या लॅमिनेट केलेलं प्रमाणपत्र टेबलावर ठेवलं. तलावाचं काम करणाऱ्या ठेकेदारांसाठी दोन दिवसांचं वीज सुरक्षा प्रशिक्षण झालं होतं, त्याचं. शिकवलं काय, असं विचारलं तर म्हणाला, “तेच, लायटीचं.” प्रत्येक प्रश्नाला तेच उत्तर. शेवटी वैतागून विचारलं, दुपारी जेवायला काय होतं? आपला माणूस शिबिरातलं सगळं विसरतो, जेवण विसरत नाही. तो खाली मान घालून बोलला, “माझ्या नावावर मेव्हणा बसला हुता.”

मेव्हणा माळेगावजवळ राहायचा, साखर कारखान्यात फिटर होता. हंगाम संपल्यानं मोकळा म्हणून त्याला धाडलेलं. तो आला तो वही घेऊन. वळणदार अक्षरात दोन्ही दिवसांचं टिपण होतं. मी विचारायच्या आधीच तो घडाघडा सांगू लागला : ईएलसीबी पडत असेल तर दोष शोधायचा, ती काढायची नाही; पाण्यात उतरण्याआधी मेन स्विच बंद करायचा.

“हे दाजींना सांगितलं होतंस?”

“दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा तर हात जोडून. दाजी म्हणले, तू नुसता बसायला गेलतास, शानपना शिकवू नको.”

मी जबाबाचा कागद पुढे ओढला. बाहेर बाकावर त्याची बहीण, म्हणजे ठेकेदाराची बायको बसली होती. जबाब दिला तर ती माहेर तोडेल, हे त्यानंच मला सांगितलं. मी आग्रह केला नाही. तो बराच वेळ वही चाळत राहिला, मग म्हणाला, “लिहा साहेब. त्या माणसालाबी बायको हाय.”

त्या जबाबावर प्रकरण उभं राहिलं. पाहुण्यांसमोर दिवे जातात म्हणून ईएलसीबी काढायला मालकानंच लावलं होतं, तेही ठेकेदारानं कबूल केलं. दोषारोपपत्र दोघांवर गेलं.

नोकरीत मी लबाड, क्रूर, सगळ्या प्रकारची माणसं पाहिली. त्यांच्यापुढे काय करायचं ते कळतं. “त्यानं काय होतंय” म्हणणाऱ्यापुढे कळत नाही. इथं कागद एकाच्या नावावर होता, अक्कल दुसऱ्याच्या डोक्यात आणि पाण्यात उतरला तिसराच.

त्या दिवशी जबाबावर सही करून मेव्हणा बाहेर गेला, तेव्हा बहीण उठली आणि त्याच्याकडे न बघता एकटीच एसटी स्टँडकडे चालू लागली. तो वही काखेत धरून पायरीवर उभा होता. त्याला काहीतरी बरं बोलावं म्हणून मी दारापर्यंत गेलो, आणि दारातूनच परत फिरलो.