खुब्यातला गोळा आणि शिमग्याचा नवस

माझी मुलगी सात वर्षांची असताना लंगडायला लागली आणि पोलादपूरजवळच्या आमच्या वाडीत माणसागणिक एक वैद्य जागा झाला. ती गुडघा धरून रडायची, म्हणून सगळे गुडघ्यालाच भिडले. कुणी तेल चोळलं, कुणी निरगुडीचा पाला बांधला. एका गुडघ्याची इतकी सेवा झाली की दुसरा रुसलाच असेल.

महाडच्या डॉक्टरांनी मात्र एक्स-रे काढला तो खुब्याचा. तिथल्या हाडाच्या गोळ्याला रक्त नीट पोचत नव्हतं आणि हाड मऊ पडलं होतं. दुखणं तिथलं, कळ गुडघ्यात.

"नवं हाड भरून येईल," डॉक्टर म्हणाले, "पण तोवर या पायावर भार नको. गोळा चपटा झाला, तर लंगडणं जन्माचं."

घरी येतो तर थोरल्या भावाने नवस बोलूनही टाकला होता. शिमग्याला पोर आपल्या पायांनी सहाणेवर, म्हणजे पालखी बसते त्या चौथऱ्यावर, चालत येईल आणि देवीची ओटी भरील. दादाचा आवाज असा की नवस देवीच्या आधी पलीकडच्या वाडीने ऐकला.

शिमगा आला. पाय टेकवायला बंदी होतीच.

"चार पावलं तर हायत रे! देवीला काय सांगू?" दादा अंगणात गरजला.

"सांग, डॉक्टर नाय म्हणाला."

"देवीपेक्षा डॉक्टर मोठा झाला काय?"

मला भीती वाटली. देवीची थोडी, दादाची जास्त.

तेवढ्यात खाटेवरून मुलीने विचारलं, "काका, देवी चालत येते?"

"नाय गो. पालखीतून."

"का? तिला पाय नायत?"

"हायत की!"

"मग मी पण तशीच येणार."

आयुष्यात कधी कुणाचं न ऐकलेला दादा खाटेजवळ आला. तिची पालखी व्हायला तो खाली बसला. आम्ही तिला अलगद त्याच्या खांद्यावर ठेवलं. सहाणेवर पोचल्यावर देवीची ओटी तिने वरूनच भरली.

आणि ढोल सुरू झाले. पालखी नाचवावी ती दादानेच, असा त्याचा लौकिक. त्याचे पाय थिरकायला लागले, तशी पोरीने त्याचा कान पिळला.

"काका, नाचायचं नाय! पाय हलतो माझा!"

पालखी त्याच्यापुढून नाचत गेली. पोरं ओरडत होती, "दादा, ये रे!" दादा पुतळ्यासारखा उभा होता, दोन्ही हातांनी तिचे पाय घट्ट धरून.