ओटीतला खडा

आमच्या घरामागं चांद्याचा परकोट होता आणि त्याच्या बुरुजावर एक जुनी तोफ. ती कधी कुणावर डागली, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. गल्लीतल्या बायकांना तिचं एकच काम माहीत. सासरी निघालेली पोर इरई नदीतला एक खडा तिच्या तोंडात टाकायची. खडा इथं राहिला की पोरीचा जीवही इथंच राहतो, ती येत राहते, असा समज.

ताईच्या लग्नात मात्र घोळ झाला. जावई अंदमानातल्या एका बारक्या बेटावर, दीपस्तंभाच्या नोकरीत. मद्रासची गाडी गाठायची, पुढं जहाज. त्या धांदलीत तोफ राहूनच गेली आणि खडा ताईच्या ओटीत, तांदूळ-नारळासोबत समुद्रापार गेला. आईनं हायच खाल्ली. "माही पोर आता काई येत नाई," एवढंच म्हणायची. मला भारी राग यायचा. खड्यावर कुणाचं येणं-जाणं ठरतं होय?

त्या पावसाळ्यात इरई फुगली. शेतं बुडाली, जिकडंतिकडं पाणी, आणि मधे आमचा परकोट बेटासारखा. मी तोफेला टेकून डोळे मिटायची, की पलीकडच्या काठावर ताई कपडे वाळत घालताना दिसायची. एकदा तर मी हाकच मारली. खाली शेळ्या राखणारी म्हातारी म्हणाली, "कोणाले बोलावून राह्यली वो?"

मग एका रविवारी कोपऱ्यावरच्या एसटीडीत ताईचा फोन आला. आवाज विहिरीतून आल्यासारखा. "आई, इथीबी तोफा आहेत! इंग्रजांच्या. गंजल्या, पण साऱ्या समुद्राकडे तोंड करून. एकीत तर खेकडे राह्यतात. तिच्यातच टाकला मी ओटीतला खडा."

मला हसू आलं. आई मात्र मटकन बाकावर बसली. "येडी पोरगी! माहेरच्या तोफेत टाकाचा असते तो. आता तेच तिचं घर झालं."

परतताना ती बुरुज चढली. मी मागोमाग. "माह्या माहेरी, धानोऱ्याले कुठी तोफ?" ती म्हणाली. "मी लगन होऊन इथी आली तं रोज रडत होती. मंग एक दिवस माहेरचा खडा आणला अन् हिच्यातच टाकला. रडणं थांबलं." तिनं तोफेच्या तोंडात हात घालून चाचपलं. "अन् हळूहळू धानोऱ्याले जाणंबी."

मला एकदम भीती वाटली. ताईसाठी की आईसाठी, तेच कळेना.

पुढच्या रविवारी आईनंच फोन घेतला. ख्यालीखुशाली नाही, काही नाही.

"अजून रडते का?"

"नाई, आई."

"मंग काढू नोको तो खडा," आई म्हणाली, आणि फोन माझ्या हातात देऊन बाहेर रस्त्यावर जाऊन उभी राहिली.